आबा यादीत सापडेनात तेव्हा

वरकुट्यात आमच्या भावकीची उपसा पाणी योजना आहे. तिची सभासद-यादी मी संगणकावर चढवली, तेव्हापासून चुलते मला 'इंजिनेर' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी अजून विचारलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जळोचीहून नवा सर्व्हर आणून योजनेच्या कचेरीत बसवला आणि जुन्यावरची यादी होती तशीच त्यावर उतरवली. सुरू होताना, यादी सांभाळणाऱ्या डेटाबेसनं कसलासा इशारा दाखवला. चहा आला होता. मी इशारा बंद केला.

दुसऱ्या दिवशी चुलते, म्हणजे आबा, पाण्याच्या पाळीची चिठ्ठी न्यायला आले. पाळी उद्या सकाळी सहाची, ऊस तहानलेला, आणि हुकली की पुढं बारा दिवस वाट बघायची. चिठ्ठीशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, हा नियम माझाच. जुनी वही रद्दीत घालणाराही मीच.

मी नाव टाकलं. पडद्यावर आलं : असा सभासद नाही.

"न्हाय कसा? हितं बसलोय की."

"आबा, मशीन तसं म्हणतंय."

"मग त्याला म्हणावं, जरा वळून बघ."

तेव्हा तो इशारा आठवला. नावं कोणत्या क्रमानं लावायची, याचे नियम डेटाबेस बाहेरून, संगणकाच्या मूळ प्रणालीकडून उसने घेतो. नव्या सर्व्हरवर ते नियम बदलले होते, पण नावं शोधायची सूची जुन्याच क्रमानं लावलेली होती. घरी बायको मांडणीवरचे डबे हलवते आणि मी जुन्या जागी हात घालून 'घरात हिंग नाही' असं जाहीर करतो, तसलाच प्रकार. वेळेचे नियमही असेच बाहेरून येतात; काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात, तसं आपल्याकडे नाही, म्हणून तेवढं तरी निभावलं.

सूची नव्यानं बांधायला लावली. आबा पडद्याकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पुन्हा नाव टाकलं, आणि आबा सापडले.

चिठ्ठी टोपीत खोचत ते म्हणाले, "इशारा आला व्हता म्हणतोस, आन् तू काय करत व्हतास?"

"चहा पीत होतो."

सकाळी सहाला त्यांच्या सरीत पाणी गेलं.

आता सर्व्हरला हात लावला की आधी सूची नव्यानं बांधतो, मग आबांचं नाव शोधून बघतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. फोन येतो, "काय इंजिनेर, हाय का मी?"

"हाय, आबा."

"मग घे आता चहा."