रेस सोडली तरी गाडी जागी

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण भूमच्या खव्याच्या भट्टीवर झालं. त्या भट्टीच्या कमाईतून जुनी का होईना चारचाकी घेतली, आणि तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पोटच्या पोराचाही नाही. तीच गाडी त्या साली माझं नाक कापायला निघाली. पळायला लागली की घोडा, पण रेसवरचा पाय काढला की गप्प. आठवडी बाजारादिवशी एसटीच्या ऐन पुढ्यात बंद पडली, चालू केली, पुन्हा पडली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "आप्पा, झोप लागली व्हय तिला? अंगाई म्हणू का?" सगळा बाजार हसला.

घरची मालकीण तेव्हा नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. अंथरुणावर असताना तिनं तुळजापूरच्या आईला बोलून ठेवलं होतं, पायावर उभी राहिले तर दारी येऊन परडी भरीन. मंगळवार ठरला. पोरगा म्हणाला, भाड्याची जीप सांगतो, आणि ही गाडी न्यायला बुधवारी भंगारवाला येतोय. मी चारचौघांत बोलून बसलो की आईच्या दारात जाईन तर माझ्याच गाडीनं. बोललो खरं, पण आतून हललो. घाटात बंद पडली तर ही अशक्त बाई उन्हात रस्त्याकडेला बसणार. आईनंच पाठ फिरवली की काय, असंही मनात येऊन गेलं. आजवर तसं कधी आलं नव्हतं.

धाराशिवच्या मिस्त्रीनं बोट ठेवून दाखवलं होतं. पाय काढला की इंजिनात हवा जायची मोठी झडप मिटते. मग बाजूच्या बारीक वाटेनं, लागेल तेवढीच हवा आत सोडायचं काम हा आयडल वॉल्व्ह करतो. तो गेलाय, म्हणाला, आणि जुन्या गाडीला नवा मिळणं अवघड. मी त्याच्याशी भांडून आलो. त्याचं बोलणं कानात राहिलं, डोक्यात उतरलं नाही.

शुक्रवारी सकाळी अंगणात बोनेट उघडून मी नुसताच धुमसत होतो. तेवढ्यात दारात जोगवा मागायला एक आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आमच्या गावची नव्हती. मालकिणीनं पीठ-मीठ वाढलं. बाईनं उदासाठी विस्तव मागितला. मी तिकडूनच खेकसलो, चूल कवाच विझली, पुढच्या घरी बघा. ती अंगणातल्या चुलीपाशी बसली, काडीनं राख बाजूला सारली, तर खाली निखारा लालभडक.

"इझला न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "राखंनं त्येची वाट अडवली व्हती."

उदाचा धूर केला, माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि गेली. मी हातात पाना धरून तसाच उभा. अरे, हे तर मी जन्मभर करत आलो! कढई उतरवली तरी भट्टी मरू द्यायची नाही. मोठं तोंड झाकायचं आणि खालची बोटभर वाट राखेतून मोकळी ठेवायची. वाट बुजली की विस्तव गुदमरला. मिस्त्रीचं सगळं बोलणं त्या क्षणी डोक्यात उतरलं. वॉल्व्ह मेला नव्हता, त्याची वाट कुणीतरी अडवली होती.

बॅटरीची तार सोडली. दोन स्क्रू काढून वॉल्व्ह हातात घेतला. टोकाला निमुळती दांडी, तिच्यावर काजळीचा थर. पक्कडीनं दांडी आत रेटावी असं हाताला आलं होतं, पण अंगारा लावलेल्या कपाळानं रेटारेटी करवेना. दुकानातून साफ करायचा फवारा आणला, मऊ ब्रशनं हळूहळू घासलं, रबराची चकती जपून बाजूला ठेवली. मग बारीक वाटेत कापडाची वात फिरवली तर ती काळी निघाली, आणि काळ्यात पिवळं. हळद. दर खंडेनवमीला मी फिल्टर काढून गाडीच्या तोंडातच भंडारा उधळायचो आणि उदाची धूपदानी धरायचो, प्रसाद आतपर्यंत पोचावा म्हणून. मालकीण दुखण्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसली.

"अवो, देवाला निवद दाखवत्यात. घशात कोंबत न्हाईत."

सगळं जागच्या जागी बसवून, ती शेजारी बसल्यावर, मी किल्ली फिरवली. इंजिन आधी उगाच ओरडलं, मग खाली आलं, थरथरलं, आता मरतंय असं वाटलं. माझा पाय आपसूक रेसकडं गेला.

"पाय काढा," ती म्हणाली. "आईवर सोडा की जरा."

मी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. इंजिन आणखी खाली गेलं, अडखळलं, आणि मग त्याचं त्यानं सावरलं. भट्टी झाकल्यावर आत विस्तव घुमतो तसं संथ घुमत राहिलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी दाबून धरतो म्हणून सगळं चालतं. घर, भट्टी, पोरगं, गाडी. आपण पाय काढल्यावरही श्वास चालू ठेवणारी कुणीतरी आहे. आपण फक्त तिची बारीक वाट मोकळी ठेवायची.

मंगळवारी स्टँडसमोर मुद्दाम थांबलो. तोच ड्रायव्हर होता. पाय वर घेतले, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून त्याला दाखवले, तरी इंजिन जागंच. तो हसून म्हणाला, "उठली म्हणायची तुमची म्हातारी." माझी म्हातारी शेजारीच बसली होती, तीही हसली. घाट चढलो, तुळजापूरच्या गर्दीत वाहनांच्या रांगेत उभे राहिलो, एकदाही बंद पडली नाही. मालकिणीनं स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून परडी भरली. मी 'आई राजा उदो उदो' असा आवाज दिला की पुजाऱ्यानं वळून बघितलं. त्या आराधिणीला सगळीकडं शोधलं. भेटली नाही. कोण होती ते मी विचारत बसत नाही. जिची होती तिच्या पायावर डोकं ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला दारात आला. त्याला चहा पाजला, गाडी चालू करून तिचा आवाज ऐकवला आणि रिकाम्या हातानं वाटेला लावला. मग किल्ली पोराच्या हातात दिली, आणि पहिल्यांदाच डाव्या बाजूला जाऊन बसलो, पाय लांब पसरून.