टोमॅटोच्या खोडाला बाबांच्या गाठी

नर्सरीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बुटकी जात आहे साहेब, आधार-बिधार काही लागत नाही." झाडं गुडघ्याएवढीच राहिली, हे खरं. पण फळ धरलं आणि आमच्या मुलुंडच्या घरी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेली तिन्ही झाडं कलली. परत जाऊन त्याला चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटलं.

गेलो नाही, कारण त्यामुळे बाबांना काम मिळालं. त्यांना पक्षाघात होऊन चार महिने झाले होते. उजवा हात हलायचा, पण मांडीवरच पडून असायचा. वापरला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाचा रबरी चेंडू दिला की बाबा तो सोफ्याखाली ढकलायचे. टोमॅटोकडे मात्र स्वतःहून वळले. दिवाळीच्या कंदिलासाठी आणलेल्या बांबूच्या उरलेल्या काड्या मी कुंड्यांत खोचल्या, आईने जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि बाबा बांधायला बसले. कापडगिरणीत साच्यावर तुटलेले धागे जोडण्यात उमेदीची वर्षं गेलेला माणूस. एका गाठीला पंधरा मिनिटं लागली, पण गाठ गिरणीतलीच, चपटी आणि सहजी न सुटणारी.

तिथेच घोळ झाला. पंधरवड्यात खोडं जाड झाली, पट्ट्या सालीत रुतल्या आणि वरची पानं माना टाकू लागली. बाबांना सांगितलं तर हात पुन्हा मांडीवर जाणार, नाही सांगितलं तर झाडं मरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग मी चोरासारखा वागलो. आई बाबांना आंघोळीला नेई तेवढ्यात दोन-दोन गाठी सोडायच्या आणि सैल बांधायच्या. सगळं लक्ष न्हाणीघरातल्या नळाच्या आवाजाकडे. स्वतःच्या घरात असं कान टवकारून राहावं लागतं याची चीड यायची.

एके दिवशी नळाला पाणीच आलं नाही. मागे बाबांची काठी वाजली तेव्हा एक पट्टी माझ्या हातात होती.

"गाठ कोणी सोडल्यान?"

"मी. झाड आवळलं जात होतं, बाबा."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"हात परत मांडीवर ठेवून बसला असता म्हणून," मी तोडून बोललो. बोलल्याबरोबर लाज वाटली. दारात आई टॉवेल घेऊन उभी होती.

बाबा स्टुलावर बसले. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची बोटं चोळली. मग हळू आवाजात म्हणाले, "घट्ट झाली काय सैल, माका कळणा नाय रे. बोटांका काय लागतच नाय."

डॉक्टर दर वेळी सुई टोचून विचारायचे, लागतंय का. बाबा होय म्हणायचे आणि आम्ही खूश होऊन घरी यायचो. आईने टॉवेल तोंडाला लावला. मी खोड आणि काडी यांच्या मधे माझं बोट धरलं आणि म्हणालो, "बांधा."

बाबांनी पट्टी घेतली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा फिरली. माझा दुसरा हात मदतीला धावत होता, तो मी खिशात कोंबला.

"आवळला की सांग," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाठ ओढली.

"लागलं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी ती सैल केली.