निरोपाचं गाणं आगमनाला

गणपतीच्या गाण्यांचे अल्बम मी जितके ऐकले आहेत, तितके ते काढणाऱ्यांनीही ऐकले नसतील. यात भक्ती थोडी आणि धंदा जास्त. पेणजवळ हमरापूरकडे आमचा मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एका अंगाला कच्च्या मूर्तींच्या रांगा, दुसऱ्या अंगाला रंगकाम. दिवाळी संपली की काम सुरू होतं आणि कामाबरोबर गाणी. बाकीच्यांना बाप्पा भाद्रपदात आठवतो, आमच्या कानाशी तो भर उन्हाळ्यातही वाजत असतो. रंगाचा स्प्रे मारायच्या कॉम्प्रेसरची घरघर चालू असते, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो. म्हणजे वाईट गाणंसुद्धा आम्ही मोठ्यांदाच ऐकतो.

माझं माहेर रोह्याचं. कॅसेटच्या दिवसांत श्रावण लागला की एसटी स्टँडजवळच्या दुकानात नव्या कॅसेटा लटकायच्या. दुकानदार मागितली तर अर्धं गाणं वाजवून दाखवायचा, अख्खं कधीच नाही. मी पहिली जी घेतली तिच्या कव्हरवर मूर्ती होती आणि गायकाचं नाव खाली बारीक अक्षरात. आता अल्बमच्या चित्रात पुढे गायक असतो, गॉगल लावून, हात फाकवून, आणि मूर्ती मागे धुरात. एवढं पाहून आत काय असणार ते मी सांगते, आणि चुकत नाही.

जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. एका कॅसेटमध्ये गायक प्रत्येक ओळीआधी असा श्वास घ्यायचा की लोहाराचा भाता आठवावा. दुसरीत कोरसला चार बायका होत्या आणि चौघींनाही घरी जायची घाई होती. तिसरीत चाल सरळ हिंदी सिनेमाची उचललेली, फक्त शब्द मोदकाचे. ऐकताना डोळ्यांपुढे सोंड यायच्या ऐवजी नटीची कंबर यायची. ती कॅसेट मी शेजारणीला देऊन टाकली, तिने महिन्याभरात परत आणून दिली.

पण त्या कॅसेटांना क्रम असायचा. आधी नमन, मग देव घरी येण्याचं गाणं, मग दुर्वा, मोदक, उंदीर. बाजू उलटली की एकदोन गौरीची आणि अगदी शेवटी निरोप. निरोपाच्या गाण्यावरून मी गायक जोखते. पहिल्या गाण्यात कोणीही जोर लावतो. शेवटी, जिथे जोर लावून भागत नाही, तिथे कळतं.

आता क्रम गेला. मोबाइलवर एकेक गाणं सुटं येतं, पोत्यातून सांडलेल्या कांद्यांसारखं. सगळ्याखाली एकच ठोका, तो काढणारं यंत्र बहुधा एकच असावं. बाईचा आवाज रिकाम्या डब्यात तोंड घालून म्हटल्यासारखा. मधेच एक माणूस ‘आवाज वाढव’ म्हणून ओरडतो. अरे बाबा, वाढवलेलाच आहे. कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. मूर्तीचा डोळा म्हणजे एका दमात ओढायची रेघ. तो ठोका सुरू झाला की टेबल थरथरतं, वाटीतला काळा रंग थरथरतो. मी ब्रश ठेवून गाणं बंद करते, मगच डोळा करते. रंगकाम करणाऱ्या पोरी कुरकुरतात, मी ऐकत नाही.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी लिहायला घेतलं आहे.

तिचं माहेर धरमतरच्या खाडीलगत, मिठागरात राबलेल्या लोकांचं गाव. गौरी जायच्या दिवशी तिथे बायका फेर धरतात. एक बाई पुढे म्हणते, बाकीच्या तिची ओळ मागून झेलतात. ही पुढे म्हणायची जागा जावेच्या आईची होती. आई गेल्यावर ती जावेकडे आली. तिच्या काकीला ते रुचलं नाही. लग्न होऊन गेलेल्या पोरीनं वर्षातून एकदा यायचं आणि पुढे उभं राहायचं, हे काय म्हणून? पण जावेचा आवाज असा की काकीला गप्प बसावं लागलं. जावेकडे आईचं दुसरं काही नाही. ना सोनं, ना फोटो. ही जागा तेवढी आहे, आणि ती तिला सगळ्यांत जास्त जपायची असते.

यंदा ज्येष्ठात एक तरुण आमच्याकडे त्याच्या मंडळाची मूर्ती पाहायला आला. डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात पेणला एका गाळ्यात गाणी रेकॉर्ड करतो. जाऊ मूर्तीचं पितांबर रंगवता रंगवता गुणगुणत होती. हा तिथेच खिळला.

“वहिनी, आवाज भारी हाय तुमचा. आमच्या अल्बमला द्या ना कायतरी. अस्सल पायजे. आजकाल अस्सल चालतंय.”

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतेस? गळा तुझा आहे.”

तिने गौरी येण्याचं एक गाणं द्यायचं कबूल केलं. त्याला निरोपाचंही हवं होतं. इथे ती अडली. तिच्या माहेरी ते गाणं गौरीला जागेवरून उचलल्याशिवाय कोणी तोंडातून काढत नाही. स्वयंपाक करतानासुद्धा नाही. एरवी म्हटलं तर गौरीला घाई केल्यासारखं होतं, असं मानतात. दोन दिवस विचार करून तिने स्वतःच तोड काढली.

“गौरीसमोर नाय, मशिनीसमोर म्हणते. पण अल्बममदी ते शेवटी ठेवायचं. सगल्यांच्या शेवटी.”

“शेवटीच, वहिनी. फक्त थोडं फिनिशिंग करतो.”

रेकॉर्डिंगला मी सोबत गेले होते. गाळ्याला आतून गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, तिघंही घामाघूम. जावेने डोळे मिटून म्हटलं. साधी, संथ चाल. ‘जा गो माये, भरती चढते’ अशी सुरुवात, आणि प्रत्येक कडव्यात तो ‘जा’ असा लांबवायचा की म्हणणारीचं मन त्याला तयार नाही हे कळावं. कोणतंही वाद्य नव्हतं. मी इतके निरोप ऐकलेत, त्यांत हा मी पहिल्या दोनांत धरीन. त्या तरुणालाही ते कळलं असावं, कारण तो काही वेळ बटणांना हात न लावता बसून होता. मग त्याने हात लावला.

अल्बम आमच्या कानावर आला तो त्याच्या मंडळाची मूर्ती न्यायच्या दिवशीच. आगमनाची मिरवणूक हल्ली उत्सवाच्या कितीतरी आधी असते. आमच्या अंगणात ट्रक उभा, त्यावर मूर्ती चढवलेली, मागे दुसऱ्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर. आम्ही घरच्या बायका ओवाळायला तबक घेऊन उभ्या होतो. स्पीकर सुरू झाला. आधी तो ठोका, मग ‘आवाज वाढव’वाला माणूस, आणि मग माझ्या जावेचा आवाज. पहिली ओळ कशीबशी पूर्ण झाली. पुढे त्या ‘जा’चे तुकडे तुकडे केलेले. जा-जा-जा-जा, जा-जा-जा-जा, मधे धडाम, पुन्हा जा-जा-जा-जा. पोरं ट्रकपुढे हात वर करून नाचायला लागली. देव येतोय, आणि शंभर पोरं त्याला जा-जा म्हणतायत.

स्पीकरच्या धक्क्याने जावेच्या तबकातलं निरांजन विझलं.

“ताय,” ती म्हणाली, “ही पोरं गौरीला हाकलतायत काय गो?”

मी त्या तरुणाला बाजूला घेतलं. तो खुशीत होता. मोबाइल काढून कोणी कोणी गाणं पाठवलं ते दाखवायला लागला.

“निरोपाचं गाणं आहे ते,” मी म्हटलं. “शेवटी ठेवणार होतास.”

“मावशी, शेवटी आता काय नसतंच. एकेक गाणं सोडावं लागतं. आनि हेच उचललं पब्लिकनं.”

“आगमनाला?”

“नाचताना शब्द कोण ऐकतंय, मावशी?”

त्याच्या आजवरच्या सगळ्या अल्बमांबद्दल मला जे म्हणायचं होतं, ते त्याने स्वतःच म्हणून टाकलं. गाणं काढून टाक म्हटलं तर म्हणाला, माझ्या हातात आता कुठे राहिलंय, हजार मोबाइलांत गेलं. हे मात्र खरं होतं. तिन्हीसांजेपर्यंत ते आमच्या स्वतःच्या कारखान्यातल्या पोरींच्या मोबाइलात आलं होतं.

मी आधी म्हटलं तसं, मला वाईट अल्बम नवे नाहीत. पण एरवी माझी किळस बटण बंद केलं की संपते. ही संपेना. वाईट गाणं मुळात वाईटच असतं, त्याचं काही गेलेलं नसतं. इथे मी मूळ ऐकलं होतं.

गौरी जायच्या दिवशी जाऊ माहेरी निघाली. एकटी जायला कचरत होती, म्हणून मी गेले. काकी दारातच होती.

“आली काय गो आगमनवाली! ये ये. तुजी गौर तं म्हयन्याभरापूर्वीच गेली, टरकात बसून. आता आमची कवा घालवतेस?”

बायका हसल्या. जाऊही हसली, हसण्यासारखं तोंड केलं एवढंच. पण पुढे उभी राहू नको असं कोणीही म्हटलं नाही, काकीनेही नाही. गौर उचलली, अंगणात आणली, फेर धरला. जावेने सुरुवात केली.

तिने म्हटलं ते अगदी गाळ्यात म्हटलं तसंच. कडेला उभ्या पोरांनी तोंडाने धडाम-धडाम सुरू केलं. त्यांना एका म्हातारीने हातातलं सूप उगारून हाकललं. तो त्रास संपला असं मला वाटलं. मग मी फेरातल्या पायांकडे पाहिलं. बायकांच्या तोंडची ओळ संथ होती, पण पाय त्या ठोक्यावर पडत होते. कोणी मुद्दाम करत नव्हतं. गेला महिनाभर ते गाणं, तो आवाज, त्या ठोक्यासकट सगळ्यांच्या कानांत बसलं होतं. जावेचा आवाज लागला की पाय आपोआप त्यावर जात. फेर धावायला लागला. जावेने चाल आणखी ओढून धरली. पाय ऐकेनात. एका नव्या सुनेने ‘जा’ आल्यावर हात वर केला आणि लाजून खाली घेतला.

जाऊ थांबली. फेरही थांबला. गौर मधेच राहिली.

काकीने तिथूनच उचललं. काकीचा आवाज फुटका, सूर दोनदा निसटला. पण तिचा आवाज कुठल्याच अल्बमात नव्हता, त्यामुळे कुणाच्या पायांना काही आठवलं नाही. पाय हळूहळू संथ झाले. जाऊ दोन पावलं मागे सरली, बाकीच्या बायकांत शिरली आणि काकीची ओळ झेलायला लागली. काकीने मागे वळून पाहिलं नाही, आणि टोमणाही मारला नाही. खाडीपर्यंत असंच गेलो.

परतीच्या रिक्षात जाऊ पदराचं टोक पिळत होती.

“ताय, तू एवडे अल्बम आयकलेस. माजा आवाज तरी बरा आलेला का त्यात?”

“आवाज चांगला आहे. त्याला जे चिकटवलंय त्याची ओकारी येते.”

“मंग फुडल्या वर्साला?”

“पुढच्या वर्षीही मागेच राहा. त्यांच्या पायांतून ते जायला वेळ लागेल. कदाचित त्याच्याही पुढच्या वर्षी.”

“काकी बेसूर हाय गो.”

“आहे.”

“तिनं तिसरं कडवं पार खाल्लं.”

“खाल्लं.”

वडखळचा नाका येईपर्यंत तिने काकीच्या सगळ्या चुका सांगितल्या. मी एकही खोडली नाही.