आखूड विडी

मंडळी, सावरून बसा. जबलपूरच्या इतिहासातली एक अत्यंत महत्त्वाची घटना मी आज प्रथमच जाहीर करतो आहे — मी एकदा गप्प बसलो होतो.

मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही. म्हणून तर कुणाला सांगितलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे, लग्नाच्या पंगतींत, नकलांसकट. फक्त शेवट गाळून.

गोलबाजारात सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्हा डाव्या विचाराच्या लोकांचं अभ्यासमंडळ भरायचं. कुणी मास्तर, कुणी कारकून, आणि गोपाळ उघडे — स्वतः विड्या वळणारा, विडी कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी, माझा लहानपणचा मित्र. मंडळाची एक रीत होती. मोठा प्रश्न आला की गोपाळ मुठीत विड्या धरायचा. आखूड विडी ज्याच्या हाती येईल, त्यानं बहुतेकांच्या विरुद्धची बाजू जीव तोडून मांडायची. स्वतःचं मत काही का असेना. आणि मतदानाआधी उभं राहून सांगायचं — 'आता माझं मत.' नाही सांगितलं, तर बोलला तेच त्याचं मत धरायचं.

बेचाळीसच्या ऑगस्टात पुढारी पकडले गेले. विडी कामगारांनी संप करून स्वातंत्र्याच्या मिरवणुकीत उतरायचं की नाही, हे ठरवायला आम्ही बसलो. मंडळ ठरवील तेच युनियन करायची. बहुतेकांना उतरायचं होतं. मलाही. गोपाळ म्हणाला, "देशच आपला नाही, त राज्य कामगाराचं कुठून येईन?" मला ते शंभर टक्के पटलं होतं.

आखूड विडी मला आली.

मग काय — मी बोललो. फॅसिस्ट दारात आलेत, तिकडे रशिया रक्त सांडतो आहे, आज इंग्रजाचे पाय ओढले तर उद्याचा फास कामगाराच्याच गळ्यात. हे मनापासून मानणारे लोक होते, त्यांची थट्टा मी करत नाही. मी मानत नव्हतो, एवढंच. आवाज खाली आणला, वर नेला, मध्येच थांबलो. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुम्हाला ठाऊक आहे का, समोरचा माणूस आपल्या शब्दानं हलतो तेव्हा कसं वाटतं?

मग मतदान. विसरलो होतो का मी? नाही. 'आता माझं मत' — शब्द जिभेवर होते. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते, की आता हे खोटं होतं म्हणणं म्हणजे भर रंगमंचावर मिशी उतरवून ठेवणं. मी उठलो नाही. उलट, हात वर केला — माझ्याच भाषणाच्या बाजूनं.

संप झाला नाही. गोपाळनं सेक्रेटरीपद सोडलं आणि मिरवणुकीत एकटा गेला. लाठी उजव्या हातावर बसली. मग तुरुंग. त्याच्या बायकोला आम्ही सांगायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, मंडळाचा निर्णय होता." तिनं पानं-तंबाखूचं सूप मांडीवर ओढलं आणि विड्या वळत राहिली.

सुटून आला तेव्हा त्याची बोटं मिटत नव्हती. विडी वळणाऱ्याची बोटं. नदीवर, ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर तो फुलं विकायला बसू लागला. एका सकाळी मी मनाशी ठरवून गेलो, त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "गोपाळ, त्या दिवशी मी जे बोललो —"

त्याला वाटलं, मी त्याचा राग घालवायला आलोय. त्यानं मला पुढे बोलूच दिलं नाही. झेंडूची टोपली बाजूला सारली आणि एकदम बोलून गेला. त्यानंतर मी दुसऱ्यांदा गप्प बसलो, तो आजपर्यंत.

"राग काहून यीन बे? तुले पटलं ते तू बोलला, मले पटलं ते मी केलं."