रांजणातलं जड पाणी

मी वसमतच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पाणी कशाचं बनतं ते फळ्यावर सांगतो. ते येतं कुठून, हे मला विचारू नका. त्यासाठी एक भूगर्भशास्त्रज्ञ मॅडम आल्या होत्या आणि मी त्यांच्या बाटल्या वाहत होतो. हा मान मला ज्ञानामुळे नव्हे, मोटारसायकलमुळे मिळाला.

गाव डोंगरकड्याच्या पलीकडचं. डोंगराच्या कमरेला एक झरा, त्यावर सगळं गाव पितं. वरच्या पठारावर मुरूम खणायला एक ठेकेदार परवानगी मागत होता. निम्मं गाव म्हणे, झऱ्याला पाणी शेजारच्या तलावातून येतं, खणू द्या. निम्मं म्हणे, पठार गेलं की झरा गेला. ठराव सरपंचबाईंना मांडायचा होता. त्या मॅडमना म्हणाल्या, "घाई करू नका बाई. एकदा खणलं की झरा परत बोलवता येत न्हाई."

मॅडमनी ओसरीत बसून जे समजावलं, ते इतकं सोपं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. पाणी सगळं सारखंच दिसतं, पण त्यातले काही कण इतरांपेक्षा किंचित जड असतात. ऊन लागलं की हलके आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणून तलावात तापत पडलेलं पाणी जड होतं. पावसातून थेट खडकात मुरलेलं हलकंच राहतं. झऱ्याचं पाणी कुणावर गेलंय ते प्रयोगशाळेत कळेल.

"जड काहून?" सरपंचबाई म्हणाल्या. "तूरडाळ तर मऊ शिजती की ह्याच्यात."

आमच्याकडे जड पाणी म्हणजे डाळ न शिजणारं. मी फिदीफिदी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ते जडपण क्षारांचं, हे निराळं, असं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग त्या तलावाकडे गेल्या. झऱ्याची बाटली माझ्याकडे. चढ उभा, ऊन डोक्यावर, आणि सरपंचबाईंच्या चुलीवर भाकरी फुगत होती. ओसरीत रांजण होता. विचारलं, तर व्हय, झऱ्याचंच पाणी. मी बाटली आत बुडवली, मॅडमनी बजावल्याप्रमाणे हवेचा एकही बुडबुडा राहू दिला नाही, झाकण घट्ट लावलं, वर 'झरा' लिहिलं आणि ठेच्याकडे वळलो.

काही आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. झऱ्याचं पाणी तलावापेक्षाही जड निघालं होतं. मी खूश. म्हटलं, मिटलं, पाणी तलावाचंच!

"सर, तलावातून खडकाखालून आलेलं पाणी तलावापेक्षा जड कसं होईल? तिथे ऊन कुठे?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "बाटली मातीच्या भांड्यातून भरलीत का?"

रांजण पाझरतो, वाफ उडते, म्हणून पाणी गार होतं; हा प्रश्न मी दर वर्षी पेपरात काढतो. उत्तर चुकलं तर मार्कही कापतो. हलके कण उडतात, जड मागे राहतात, ते रांजणातही! आणि या बाईंना तिकडे बसून, नुसत्या एका आकड्यात, ओसरीतला रांजण दिसला होता. माझ्या बाटलीच्या आकड्यावर विसंबल्या असत्या, तर पठारावर मशीन चढलंच असतं.

त्या रागावल्या नाहीत. पुन्हा आल्या, आणि माझ्याबरोबर चढल्या. म्हणजे त्या चढल्या. मी मागून धापा टाकत पोचलो. खडकाच्या फटीतून पाणी जिथे बाहेर पडतं, अगदी तिथे गुडघे टेकून त्यांनी बाटली भरली, उन्हात धरून पाहिली, मोहरीएवढा बुडबुडा दिसला म्हणून ओतून दिली आणि पुन्हा भरली.

हे पाणी हलकं निघालं. पावसाळ्यात त्यांनी पठारावर साठवून नेलेल्या पावसाशी जुळणारं.

पहिल्या आकड्याची कुणकुण ठेकेदाराच्या माणसाला लागली होती. ग्रामसभेत त्यानं खोडा घातलाच: आधी तर जड म्हणत होता ना? मी समोरच्या सतरंजीची वीण तपासू लागलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पहिली बाटली रांजणातली होती. चूक आमची. म्हणून परत येऊन मोजलं."

'आमची' म्हणाल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

सरपंचबाईंनी मुरुमाला नकार देणारा ठराव मांडला, हात वर झाले, पठार वाचलं. सभा उठताना त्यांनी माझ्यापुढे तांब्या धरला.

"प्या सर. रांजणातलंच हाय. प्यायला बराबर हाय, बाटलीत तेवढं भरू नका."