शोकेसमधला शालू

शेवगावच्या बाजारपेठेत माझ्या सासऱ्यांचं साड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन मी जामखेडहून तिथे आले तेव्हा दुकानाला पुढून मोठी काच होती, पण काचेतून दुकान दिसत नव्हतं. आतल्या बाजूनं साड्यांच्या थप्प्या पार वरपर्यंत रचलेल्या असत. सासऱ्यांचं म्हणणं असं, की दुकान भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईकाला वाटतं, माल संपत आला. दुपारनंतरचं ऊन सरळ त्या थप्प्यांवर यायचं. काचेकडच्या घड्या विटायच्या आणि विटलेल्या साड्या मागच्या खोलीत जाऊन पडायच्या.

मी तेव्हा दुकानात फक्त जेवणाचा डबा घेऊन जायची. एकदा नवऱ्यानं नगरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून एक पुतळा आणला. फायबरची बाई, एका हाताचं बोट तुटलेलं. त्याला स्वतःला साडी नेसवता येईना. त्यानं एक हिरवी साडी तिच्याभोवती नुसती गुंडाळली होती. मी डबा ठेवला आणि हसले.

"तुला येतं का?" त्यानं विचारलं.

मला येत होतं. माहेरी महालक्ष्म्यांना साड्या मीच नेसवायची. लोखंडी स्टँडला कंबर नसते, खांदा नसतो, तरी त्यातून बाई उभी करायची असते. आईनं शिकवलं होतं, की आधी निऱ्या घालून घ्यायच्या, मग साडी अंगावर चढवायची, आणि टाचणी अशी लावायची की ती जवळूनही दिसता कामा नये. मी त्या पुतळीला हिरवी साडी नेसवली, पदर मोकळा सोडला. नवऱ्यानं काचेजवळच्या थप्प्या हलवल्या आणि तिला मधोमध उभी केली. आजूबाजूला काहीच ठेवलं नाही.

सासरे जेवून आले, बघितलं आणि म्हणाले, "दुकान उठवलं का काय?"

पण संध्याकाळी बाजार करून निघालेल्या दोन बायका काचेसमोर थांबल्या. त्यातली एक आत आली. "त्या बाईनं नेसली हाय तसली दाखवा," असं म्हणाली. गंगेकडच्या, म्हणजे गोदाकाठच्या कुठल्या तरी गावची होती. तिनं साडी हातात घेतली आणि परत बाहेर जाऊन पुतळीकडं बघून आली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः उरलेल्या थप्प्या उचलायला लावल्या.

त्यानंतर शोकेस माझं झालं. असं कुणी म्हणालं नाही, पण झालं. मी डबा घेऊन जायची ती संध्याकाळपर्यंत थांबायची. उन्हासाठी बाहेर ताडपत्रीचा पडदा लावून घेतला. पांढऱ्या ट्यूबखाली लाल रंग मेल्यासारखा दिसायचा, म्हणून पिवळे दिवे बसवायला लावले. हळदी रंगाशेजारी जांभळा, मोरपंखीशेजारी साधी तपकिरी इरकल, असं काहीबाही मनात घोळत राहायचं. स्वयंपाक करतानासुद्धा. मी एक गोष्ट नेहमी पाळायची. सगळ्यात भारी शालू मागे आणि त्याच्या पुढे एखादी रोजच्या वापरातली साडी, तितक्याच नेटकेपणानं नेसवलेली. गरीब बाईला काचेतून आपल्यासाठीही काही दिसलं, तर ती पायरी चढते.

लग्नसराईत लोक बस्ता बांधायला यायचे, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी करायला. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, दोन्ही घरच्या बायका, सगळे गादीवर गोल बसायचे. त्यांना शालू मी दाखवायची. घडी झटकून एका दमात अशी उलगडायची की काठ नेमका नवरीच्या पुढ्यात यावा. मग तिच्या खांद्यावर पदर टाकायचा, आरसा धरायचा. मुलगी काही बोलण्याआधी तिच्या तोंडावर कळायचं. नवरा गल्ल्यावरून बघत असायचा. मुलीला शालू पसंत पडला की तो माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवायचा. त्याचं सगळं कौतुक तेवढ्यात असायचं आणि मला ते पुरायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. नगरला दवाखान्यात जागा मिळाली, पण उशिरा मिळाली. त्याचं तोंडही मला नीट बघता आलं नाही. सासरे त्याआधीच गेले होते. घरात सासूबाई, धाकटे दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि मी नि माझी मुलगी. मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती, कॉलेज बंद म्हणून घरी आली होती.

बाजारपेठ उघडली तशी मी दुकानात जायला लागले. घरात बसून वेड लागलं असतं. अडकून पडलेली लग्नं सगळी एकदमच निघाली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पुतळ्यांवरची धूळ पुसली आणि शोकेससाठी एक लाल शालू काढला. दीर जवळ आले. गादीचा कोपरा सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वहिनी, पुढचं राहू द्या. ही करेल."

ही म्हणजे माझी जाऊ.

"का?" मी विचारलं.

"माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही, तुम्हाला माहितीये. पण गिऱ्हाईक बोलतं. लग्नाचा माल आहे. कुणाच्या मनात किंतू यायला नको."

"कोण बोललं?"

"बोललं कुणी नाही अजून."

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मनात तसं काही नाही गं. पण लोकांचं तोंड धरता येतं का?" जावेला विचारलं तर ती रडायलाच लागली. "ताई, मला तर निऱ्यासुद्धा धड येत नाहीत. पण यांना कोण सांगणार?" म्हणजे घरात कुणाचंच काही नव्हतं. सगळं लोकांचं होतं. आणि लोक, तेव्हा तरी, मला भेटले की खाली बघून म्हणायचे, "सावरा ताई, कामात मन गुंतवा."

मग अशी रीत पडली, की मी मागच्या खोलीत पुतळ्यांना साड्या नेसवायच्या आणि जावेनं ते उचलून पुढे काचेत ठेवायचे. निऱ्या माझ्या, टाचण्या माझ्या, रंगांची जोडी माझी. नेसवून झालं की जाऊ पुतळीच्या कपाळावर टिकली लावायची. तेवढं एक मी करायचं नाही, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. त्या फायबरच्या बाईला टिकली चालत होती, मला ती लावायलासुद्धा चालत नव्हती. मागच्या खोलीत खिडकी नाही. दिव्याच्या उजेडात रंग कळत नाही, म्हणून मी साडी घेऊन मागच्या दारात जायची, बोळातल्या उजेडात बघायची आणि परत आत यायची. पुढे ती कशी दिसते, हे मला घरी जाताना रस्त्यावरून बघावं लागायचं, गिऱ्हाईकासारखं.

महालक्ष्म्यांच्या वेळी घरातही तसंच झालं. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. जाऊ दोनदा आत येऊन विचारून गेली, पदर कुठून घ्यायचा म्हणून. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "मला आता आठवत नाही." ती तशीच परत गेली.

पुढे गावात महिलांचा एक कार्यक्रम झाला. करोनात ज्यांचे नवरे गेले त्या बायकांना साड्या वाटायच्या होत्या. साड्या आमच्या दुकानातर्फे. दीरांनी मला मागच्या खोलीत येऊन सांगितलं, "वहिनी, चांगल्या निवडा हं. तुम्हाला कळतं." मी निवडल्या. गर्द निळी, डाळिंबी, मोरपंखी. त्यांनी त्यातल्या निम्म्या परत ठेवल्या आणि फिक्या काढल्या. "जरा सौम्य बऱ्या दिसतील," म्हणाले. कार्यक्रमात मलाही पुढच्या रांगेत बसवलं. दीर माईकवर बोलले. छान बोलले. या भगिनींना समाजानं मानानं वागवलं पाहिजे, शुभकार्यात पुढे केलं पाहिजे, जुन्या रूढी आता मोडल्या पाहिजेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकीला वर बोलावलं. माझं नाव आलं तेव्हा मीही गेले आणि मीच घडी घातलेली राखाडी साडी दीरांच्या हातून घेतली. फोटो निघाला. शेजारी बसलेली बाई, शेताच्या मजुरीवर जाणारी, मला म्हणाली, "ताई, तुमचे दीर लई देवमाणूस हायेत बघा." मी म्हटलं, "व्हय."

हे सगळं मी गिळलं. माणूस गिळतो. मुलगी आपली आहे, ती शिकतेय, तिचं सगळं नीट होऊ दे, एवढंच डोक्यात होतं. तिला फोनवर मी सगळं सांगायची. ती चिडायची. "आई, तू ऐकून का घेतेस? मी आले की काकांशी बोलते," म्हणायची. मला बरं वाटायचं.

तिला पुण्यात नोकरी लागली, मग तिचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच पसंत केलेला, कर्जतकडचा, घर चांगलं. बस्ता अर्थातच आमच्याच दुकानात. मी आदल्या दिवशीच तिच्यासाठी शालू बाजूला काढून ठेवला होता. वांगी रंगाचा, बारीक बुट्टीचा, काठ रुंद पण जड नाही. तिचा रंग सावळा आहे, तिला भडक लाल कधी खुलत नाही, हे मला ती पाळण्यात असल्यापासून माहीत. मनाशी ठरवलं होतं, निदान हा एक शालू तरी मी दाखवणार. गादीवर बसून, सगळ्यांसमोर. माझ्या मुलीचा आहे. दीरांना मी सांगितलंही. ते म्हणाले, "दाखवा की वहिनी, तुमचा हक्कच आहे," आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी व्याही मंडळी आली. विहीणबाई, त्यांची नणंद, दोघीतिघी आणखी. चहा झाला. मी तो शालू फळीवरून घेतला आणि गादीच्या कडेला बसणार, तेवढ्यात मुलगी उठून माझ्याजवळ आली. हसतच आली, कुणाला काही कळू नये म्हणून. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली,

"आई, तू बस ना तिकडे. शालू काकू दाखवेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला काहीच नाही गं त्याचं," ती म्हणाली. "तुला माहितीये. पण त्यांच्याकडच्या बायका आहेत. उगाच कुणाच्या मनात किंतू नको."

अगदी तेच शब्द. मागच्या खोलीत मी ते इतक्यांदा मनाशी घोळवले होते, पण तिच्या तोंडून येतील असं वाटलं नव्हतं. मी शालू जावेच्या हातात दिला. जावेनं घडी उलगडली, ती उलटी उलगडली, काठ पाठीकडे गेला. विहीणबाईंनी लाल काहीतरी मागितलं. जावेनं चारपाच लाल शालू काढले. मुलीनं त्यातला एक घेतला. सगळ्या छान म्हणाल्या. मीही म्हणाले.

लग्नात तो लाल शालू तिला दिसायचा तसाच दिसला. फोटोत बघते तेव्हा आधी शालूच दिसतो, मग ती.

पाहुणे पांगल्यावर मी दीरांना सांगितलं, की मी उद्यापासून दुकानात येणार नाही. ते म्हणाले, "का हो? तुम्हाला कुणी काही बोललं का?" मी म्हटलं, "नाही. कुणीच काही बोललं नाही."

बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान आहे. मुसलमान कुटुंबाचं. त्या घरातल्या भाभींनी एकदोनदा मला विचारलं होतं, आमचं शोकेस लावून द्याल का म्हणून. मी आता जाऊन त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, आमची काच तुमच्या हवाली." आठवडाभरात दीर घरी तणतणत आले. "आपलं घरचं दुकान सोडून दुसऱ्याकडे? लोक काय म्हणतील?"

"ते तुम्ही लोकांनाच विचारा," मी म्हटलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

खरं सांगायचं तर माझ्यावाचून ते दुकान बसलं असतं तर मला आवडलं असतं. बसलं नाही. त्यांनी नगरहून एक माणूस बोलावला, तो महिन्याकाठी येऊन पुतळ्यांना साड्या नेसवून जातो. टाचण्या लांबून दिसतात. गिऱ्हाईकाला त्याचं काही वाटत नाही, गर्दी तशीच असते. मी मात्र फ्रॉक आणि झबली लावते. फ्रॉकला पदर नसतो, त्यात फार काही करण्यासारखं नसतं. तरी करते. पतंगाचा दोरा लावून झबली वाऱ्यावर उडाल्यासारखी टांगली, तर शाळेतून जाणारी पोरं थांबून बघतात.

पहिल्या दिवाळीला मुलगी आली तेव्हा दुपारी बाजारातून जाता जाता काचेसमोर थांबली. मी आत स्टुलावर चढून पिना लावत होते. ती आत आली.

"हे तू केलंस?"

"हो."

"मस्त दिसतंय."

मी खाली उतरले नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "काकांकडे दिवाळीची साडी घ्यायची आहे, माझ्या सासूबाईंसाठीपण एक, तू येतेस का?"

"तू हो पुढे," मी म्हटलं. तोंडात पिना होत्या, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. ती गेली, आणि मी राहिलेला फ्रॉक टांगला.