पष्टे सर आणि स्मार्ट बोर्ड

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात तंत्रज्ञान आलं आणि किश्शांचा ढीग साचायला लागला. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे शहापूरहून रोज एसटीने येते आणि दिवसभर "मॅडम, जरा बघता का?" ऐकते. ऑर्डर निघाली कॉम्प्युटरच्या शिक्षिकेची, काम मात्र गावच्या वैद्याचं!

*

स्मार्ट बोर्ड आला तो दसऱ्याच्या तोंडावर. आमचे शिपाई गणूमामा दसऱ्याला कपाटापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा करतात. त्यांनी बोर्डालाही झेंडूचा जाडजूड हार घातला. सुट्टीनंतर बोर्ड अंगात आल्यासारखा वागायला लागला. आपोआप पानं उलटायची, मध्येच रेघोट्या उमटायच्या. मी वायरी तपासल्या, सॉफ्टवेअर दोनदा टाकलं. शेवटी कल्याणहून मेकॅनिक आला. त्याने लांबूनच पाहिलं, पुढे होऊन हार उचलला आणि बोर्ड शांत झाला. पंख्याच्या वाऱ्याने हलणारा हार बोर्डाला बोट वाटत होता.

गणूमामांना काही ते पटलं नाही. "मागच्या प्रोजेक्टरला हार नव्हता घातला," ते म्हणाले, "तो जळलाच ना?"

*

मग हजेरीचं अंगठ्याचं मशीन. आमचे निम्मे प्राध्यापक घरचे शेतकरी. भातलावणीत चार दिवस चिखलात राबलं की अंगठ्याच्या रेषा पुसट होतात आणि मशीन ओळख दाखवत नाही. प्राचार्य चिडले. कोण कोण रजा न टाकता लावणीला जातं ते आता मशीनच सांगेल, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुनावलं.

सोमवारी त्यांनी स्वतः अंगठा ठेवला. मशीनने तीनदा नकार दिला. मागे आमची रांग, कुणी हसायला तयार नाही. शेवटी भूगोलाचे पष्टे सर बोलले. हे सर टोकावड्याचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, आणि त्यांना कुणाचीच भीती नाही.

"सर," त्यांनी आपुलकीने विचारलं, "तुमची लावणी किती राहिली?"

*

जवळच्या म्हसा गावची जत्रा लागली की आमचे वर्ग ओस पडतात. म्हणून यंदा त्या दिवसांत तास ऑनलाइन घ्यायचं ठरलं. पष्टे सरांना लिंक मी चालू करून दिली. हजेरी तर भरपूर, फक्त कॅमेरे सगळ्यांचे बंद! सर नद्यांवर बोलत होते. तेवढ्यात कुणाचा तरी माइक चालू झाला आणि आकाशपाळण्यावरची गाणी, बैलांच्या घुंगुरमाळा, भजीवाल्याची आरोळी असं सगळं वर्गात आलं.

सर थांबले. मला वाटलं, आता पोरांचं काही खरं नाही. त्यांनी लॅपटॉपजवळ तोंड नेलं.

"गेलाच आहात, तर मला एक घोंगडी बघा रे. जाड बघा. आणि भाव करून घ्या."

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर चार घोंगड्या आल्या.

*

पुढे तपासणी समिती येणार असं कळलं. प्रत्येकाने स्मार्ट बोर्डावर एक तास घेऊन दाखवायचा, असा हुकूम निघाला.

पष्टे सरांनी मलाही शिकवलंय. ते खडूने सह्याद्री काढायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. शिक्षक व्हायचं मी त्यांच्याच वर्गात ठरवलं. पण या बोर्डापुढे त्यांचं बोट थरथरायचं. एक पान पुढे न्यायला जावं तर तीन जायची, कधी सगळंच बंद पडायचं. आठवडाभर कॉलेज सुटल्यावर आम्ही सराव केला. शनिवारी ते बाकावर बसले.

"पोरांसमोर फजिती झाली ना, मॅडम, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. दोन वर्षं काय, दोन दिवस नाय थांबणार."

ते तसं करतील हे मला माहीत होतं, आणि मला ते सहन होईना. मी तोडगा काढला. वायरलेस माउस ओढणीखाली घेऊन मी मागच्या बाकावर बसेन. सरांनी बोर्डावर नुसतं बोट फिरवायचं, पान मी बदलेन. ही लबाडी होती, पण सर वाचत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

समितीला अजून पंधरा दिवस होते. सर रोज पहिल्या एसटीने यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, नंतरच्या गाडीला गर्दी असते.

तो दिवस आला. सकाळी स्टाफरूममधल्या ड्रॉवरमधून मी माउस काढला आणि जाऊन मागे बसले. समितीचे तिघे पुढच्या रांगेत होते. सरांनी माळशेजपासून काळू नदी सुरू केली. त्यांचं बोट फिरलं की मी क्लिक करायची. पाऊण तासात एकदाही चुकलं नाही, बोट आणि क्लिक अगदी एका वेळी. तास संपल्यावर समितीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग सगळा वर्ग वाजवायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांची अब्रू राहिली, आणि ती मी राखली याचा, खरं सांगते, थोडा गर्वही झाला.

समिती बाहेर पडली. सर मागच्या बाकाशी आले, खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर एक सेल ठेवला.

"तुमच्या माउसमधला आहे," ते म्हणाले. "सकाळीच काढून ठेवला होता."